आधी जन्मगाव विचारणारे काशीनाथअप्पा

आदरणीय अ‍ॅड. काशीनाथअप्पा बिरगुंडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या बिदरच्या ऑफिसात चुकीच्या खुर्चीवर बसले होते. अठरा वर्षं झाली त्याला. कलबुर्गीहून वकिलीची पदवी घेऊन नुकतीच आले होते. अंगावर नवा काळा कोट आणि डोक्यात हवा. ऑफिसात गादीच्या दोनच खुर्च्या होत्या, त्यातली एक मी पकडली. अप्पा आत आले, माझ्याकडं बघून नम्रपणे म्हणाले, "बोला अक्का, काय केस आहे तुमची?" मी म्हटलं, "केस नाही सर, ज्युनियर म्हणून काम मागायला आले." "मग उठा. ही पक्षकाराची खुर्ची. ज्युनियरचं स्टूल तिकडं." मी शरमेनं अर्धी झाले. त्यांनी लगेच माझ्यासाठी चहा सांगितला, आणि दाराबाहेर चपला काढून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं. पुढं सात वर्षं मी त्या स्टुलावर काढली.

मी रेखा, चिटगुप्प्याची. आमची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. वडिलांनी रोजंदारी करून मला शिकवलं. कोर्टाच्या आवारात माझ्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. पुढं मी स्वतंत्र झाल्यावर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी तीन आठवडे दवाखान्यातून हलले नाही, आणि माझ्या सगळ्या तारखा अप्पांनी केल्या. स्वतःच्या नव्हे, माझ्या. पासष्टी ओलांडलेला माणूस, एसटीनं तालुक्याच्या कोर्टात जायचा, माझ्या किरकोळ केसेसमध्ये उभा राहायचा आणि संध्याकाळी दवाखान्यात येऊन मला सगळं सांगून जायचा. "तुझ्या त्या बांधाच्या केसमध्ये पुढची तारीख घेतली, बरं का. साहेबांनी विचारलं, बिरगुंडे तुम्ही इथं कसे? म्हटलं, आज मी रेखाबाईंचा ज्युनियर." वडिलांना बोलता येत नव्हतं, पण हे ऐकून ते हसले होते. पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात अप्पांच्या अनेक मोठ्या खटल्यांबद्दल लिहिलं जाईल. माझ्या लेखी त्या तीन आठवड्यांपेक्षा मोठा खटला नाही.

गौरव समितीनं सांगितलंय की लेख शनिवारपर्यंत द्या, अप्पांचं कार्य, मूल्यं आणि आठवणी असं नीट क्रमानं लिहा. नीट क्रमानं लिहायला मन ठिकाणावर पाहिजे. माझं नाही. एक निकाल राखून ठेवलाय कोर्टानं, तो कधीही लागेल, आणि मी दर चार ओळींनंतर मोबाईलवर उद्याच्या केसेसची यादी बघायलेय. वाचकांनी सांभाळून घ्यावं. अप्पांबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं त्या एकाच खटल्यात आहे.

तो समजायला अप्पांची काम करायची रीत आधी माहीत हवी. त्यांच्याकडं कुणीही आलं, भांडणाचं असो की वाटणीचं, की अप्पा एक लांब कागद पुढं ओढतात आणि विचारतात, "जन्म कुठला?" मग आई कुठली, शाळा कुठं, घरात कोण कोण, आजवर कुठले कुठले कागद काढलेत, उद्या कोणतं काम अडलंय. खटल्याचा विषय निघायला पाऊण तास जातो. पक्षकार चुळबुळ करतो. "अप्पा, त्यानं माझ्या डोक्यात काठी घातली, आन् तुमी माज्या आईचं माहेर इचारायलात!" अप्पा म्हणायचे, "काठीचं सगळ्या कोर्टाला ठाऊक हाय. तुझं मला कुठं ठाऊक हाय?" आम्ही ज्युनियर मागं तोंड दाबून हसायचो. अप्पांच्या या सवयीपायी आम्हाला जेवायला कायम चार वाजायचे, हेही इथं नोंदवून ठेवते. गौरवलेख असला म्हणून काय झालं?

सात वर्षांनी मी स्वतंत्र झाले आणि अप्पांचा तो लांब कागद तिथंच सोडून आले. तालुक्याच्या कोर्टात वेग लागतो. दिवसाला वीस माणसं येतात, सगळ्यांना एकच हवं असतं, की लवकर मिटवा. किरकोळ मारामारीच्या केसेससाठी आमच्याकडं एक सोपी वाट आहे. पक्षकारानं गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश साहेब थोडा दंड करतात, दुपारी माणूस घरी. आमच्यातले बरेच जण तिला नुसतं 'कबुली' म्हणतात. कबुलीचे छापील अर्ज माझ्या बॅगेत गठ्ठ्यानं असायचे. नाव, वय, गाव, धंदा एवढं भरलं की झालं. वर्षानुवर्षं तारखांना येण्यापेक्षा हे बरं, असं मी शेकडो जणांना सांगितलंय आणि त्यातल्या कुणाचं वाईट झालं नाही. एका बाईचं सोडून.

तिचं नाव नीला. औराद तालुक्यातल्या चिंताकीची. ती माझ्याकडं आली ती शेजारणीच्या केसमध्ये आरोपी म्हणून. शेजारीण भागाबाई नीलाच्या दारासमोर रोज म्हैस बांधायची, रोजची तोंडातोंडी, एक दिवस नीलानं हातातली पितळी कळशी फेकली आणि भागाबाईचं कपाळ फुटलं. टाके पडले. पोलिसांनी कळशीला हत्यार धरलं, त्यामुळं दोघींनी आपसात तडजोड करून मिटवायचा मार्ग कायद्यानं बंद झाला. नीला डोक्यावर पदर घेऊन माझ्यासमोर बसली होती. "मारली व्हय मी. खोटं कामून बोलू? पन अक्का, लवकर मिटतंय न्हवं? पोरींची परीक्षा हाय." माझी बॅग उघडीच होती. अर्ज काढला, नीला माणिक, वय अडतीस, राहणार चिंताकी, शेती. अंगठा नको, सही येते म्हणाली. इंग्रजीत सही केली तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. म्हटलं, बाई शिकलेली दिसते.

साहेबांनी दंड केला. पावती तिच्या हातात देताना मी म्हटलं, "ही जपून ठेवा बरं. केस मिटल्याचा पुरावा आहे हा." अजून ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पाच महिन्यांनी ती परत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद. "अक्का, तुमी म्हनलात मिटलं. आता हे काय आलंय बगा की." मी कागद उलगडला. नीला ही परदेशी नागरिक असून भारतात गुन्ह्याबद्दल दोषी ठरली आहे, सबब तिच्या वास्तव्याची मुदत वाढवण्यात येत नाही, तिनं तीस दिवसांत देश सोडावा.

मी तो कागद पुन्हा वाचला. "परदेशी? तुम्ही कुठल्या?" "लंकेची," ती म्हणाली. जणू 'मी औरादची' म्हणावं तसं. "माझं नाव निलुका. हितं कुनाला म्हनायला येत न्हाई, म्हणून नीला."

मग सगळं बाहेर पडलं. नवरा माणिक आखातात ड्रायव्हर होता, ही तिथंच एका घरात कामाला. दोघांनी रीतसर लग्न केलं, बारा वर्षांपूर्वी चिंताकीला आले. दोन पोरी झाल्या, एक सातवीत, एक चौथीत. भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, तो लंकेतला एक दाखला नाही म्हणून दोनदा परत आला. तोवर दर वेळी मुदत वाढवून घेत राहायचं. यंदाच्या अर्जात विचारलं होतं, भारतात कधी शिक्षा झाली आहे का? हिनं खरं तेच लिहिलं, हो. आणि केस मिटल्याचा पुरावा म्हणून माझी ती जपून ठेवलेली पावती सोबत जोडली.

"पोरी हितल्या, मी तिथली. कागदावर तसंच हाय म्हनं," ती म्हणाली. "मंग पोरींच्या येन्या कोन घालनार?" पोरी भारताच्या नागरिक, नवरा भारताचा, शेत भारतात. जायचं होतं ते एकट्या तिनं, आणि एकदा अशी घालवलेली व्यक्ती सहजासहजी परत येऊ शकत नाही. मी तिला एकच प्रश्न विचारला असता, अप्पांचा पहिला प्रश्न, तर मी जन्मात त्या अर्जावर तिची सही घेतली नसती. केस लढवली असती, साक्षी काढल्या असत्या, लागली असती चार वर्षं तर लागू दिली असती. पण ती आमच्यासारखी बोलत होती, आमच्यासारखा पदर घेत होती. मी कशाला विचारतेय!

आता लाजेची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय अप्पा कोण आहेत ते कळणार नाही. दोन दिवस मी तो कागद घेऊन नुसती बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी बिदरला अप्पांच्या घरी गेले. वर्षभरापूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, कोर्टात जाणं जवळपास बंद होतं. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं, पण शेवटी म्हणाले, "आमच्या तालुक्यातल्या एका ज्युनियरनं ही कबुली करून टाकली, अप्पा." चक्क खोटं बोलले. त्यांनी पेपरची घडी घातली. "त्या ज्युनियरला घेऊन ये. बोलायचंय." मी म्हटलं, "ती मीच." "ठाऊक हाय," ते म्हणाले. "बस. काही खाल्लंयस का सकाळपासून?"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नींनी, भाकरी वाढली आणि मी रडत रडत खाल्ली. अप्पा तोवर कायद्याची पुस्तकं काढून बसले होते.

इथं अप्पांची या कायद्याबद्दलची भूमिका सांगायला हवी, कारण त्यावर आमच्या बार रूममध्ये बरंच तोंडसुख घेतलं गेलं. एक तरुण वकीलमित्र मोठ्यानं म्हणाले, "परदेशी माणसानं इथं येऊन डोकी फोडायची आणि आपण त्याला सांभाळायचं? सरकार करतंय ते बरोबर आहे." सगळ्यांना वाटलं, अप्पा भडकणार. अप्पा म्हणाले, "बरोबर बोलायलास. परक्या देशातून येऊन जो गुन्हे करतो त्याला परत धाडायचा अधिकार सरकारला हवाच." आणि ते नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. काही वर्षांपूर्वी कलबुर्गीत एका परदेशी विद्यार्थ्याला नशेचा माल विकताना पकडलं होतं. अप्पांनी त्याचा खटला प्रामाणिकपणे चालवला, शिक्षा कमी करून घेतली. शिक्षा संपल्यावर तो म्हणाला, आता मला इथंच राहू द्या म्हणून अर्ज करा. अप्पांनी चक्क नाही म्हटलं. "तू कोवळ्या पोरांना विष विकलंस. शिक्षा भोगलीस, आता आपल्या आईकडं जा." त्याला त्यांनी स्वतः स्टेशनवर सोडलं, वाटेत खायला बांधून दिलं, पण अर्ज केला नाही.

"माझं म्हणणं एवढंच," अप्पा त्या मित्रांना म्हणाले, "की कायद्यात दोषी हा एकच शब्द हाय. त्या एका शब्दात विष विकणारा बी बसतो आणि कळशी फेकणारी बी. मग दोघांत फरक कुणी करायचा? वकिलानं आणि न्यायाधीशानं. आपण तो केला नाही. तुझ्या बायकोनं कळशी फेकली तर तिलाबी एवढाच दंड होईल, पण तुझ्या बायकोला तो भरून घरी जाता येतंय, आणि हिला भरून घर सोडावं लागतंय." मित्र म्हणाले, "माझ्या बायकोनं कुणाला कळशी मारलेली नाही." अप्पा म्हणाले, "मग तुलाच मारत असेल." सगळे हसले, मित्रही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक जुना निकाल शोधून अप्पांच्या टेबलावर ठेवला.

अप्पांनी वाट शोधली ती अशी. गुन्हा कबूल केला की दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही. पण शिक्षा योग्य होती की नाही, एवढ्यावर करता येतं. आणि पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्या साध्या माणसाला शिक्षा न देता समज देऊन सोडायचा एक जुना कायदा आपल्याकडं आहे. त्या कायद्याखाली सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्याचे पुढचे तोटे भोगावे लागत नाहीत. म्हणजे बिदरच्या जिल्हा न्यायालयात अपील करायचं, दंडाऐवजी समज मागायची. ती मिळाली तर देश सोडायच्या हुकमाचा पायाच डळमळतो. ऐकायला सोपं. पण अपिलाची मुदत कधीच उलटून गेली होती. उशीर का झाला याचं कारण द्यायचं होतं, आणि खरं कारण एकच होतं. मी.

"तुझं प्रतिज्ञापत्र लागंल," अप्पा म्हणाले. "तूच लिही. मी नाही सांगणार काय लिहायचं."

आमच्या पेशात हे म्हणजे स्वतःच्या हातानं पाटी उतरवणं. कोर्टाच्या कायमच्या कागदांत आपल्या सहीनं लिहायचं की माझा सल्ला चुकला. दोन मैत्रिणींनी कळकळीनं सांगितलं, असलं काही करू नकोस, पक्षकार पळतील, कुणी तक्रार केली तर सनदेवर येईल. मी पहिला मसुदा लिहिला, त्यात बरीच हुशारी केली होती. सदर माहिती वेळेत उपलब्ध होऊ शकली नाही वगैरे. अप्पांनी वाचला, चष्मा काढला. "रेखा, माहिती काय झाडाला लागते? कुणी तोडली नाही म्हणून मिळाली नाही?" दुसरा मसुदा, तिसरा मसुदा. प्रत्येक वेळी ते वाचायचे आणि परत द्यायचे. चौथ्या वेळी मी रागानं एकच परिच्छेद लिहिला: मी तिला तिचा देश विचारला नाही. विचारला असता तर हा सल्ला दिला नसता. चूक माझी आहे, तिची नाही. अप्पांनी तो वाचला, खाली माझं नाव टाइप करायला सांगितलं आणि म्हणाले, "आता तू वकील झालीस." मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता, हेही खरं आहे.

अपील दाखल झालं, पण ते चालायच्या आधी, तीस दिवस संपायला नऊ दिवस उरले असताना कलबुर्गीला हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊन हुकमाला स्थगिती घ्यायची होती. डॉक्टरांनी अप्पांना प्रवासाला बंदी केली होती. मी म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, "तू साक्षीदार हायेस या केसमध्ये, वकील नाहीस." आणि स्वतः निघाले. कोर्टात चाळीस मिनिटं उभे. मी मागून खुर्ची सरकवली तर ती पायानं मागं ढकलली. न्यायमूर्तींनी विचारलं, "स्वतः कबूल केल्यावर आता काय राहिलं?" अप्पा म्हणाले, "तिनं कळशी फेकल्याचं कबूल केलंय. पोरी सोडून जायचं कबूल केलेलं नाही." अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिला बाहेर काढू नये, असा आदेश मिळाला. परत येताना बसमध्ये अप्पांचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा कापावा लागला. त्याबद्दल काकूंची बोलणी मी खाल्ली. रास्तच होती ती.

मग गेल्या बुधवारी बिदरला अपिलाची सुनावणी झाली. सरकारी वकिलांनी त्यांचं काम चोख केलं: परदेशी माणसाला इथं राहू द्यायचं की नाही हा देशाचा हक्क आहे, कोर्टानं आडवाटेनं त्यात शिरू नये. अप्पांनी ते मान्य करूनच सुरुवात केली. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, मला बोलायचंय." भागाबाई! कपाळावर टाक्यांची खूण तशीच. ती नीलाबरोबर एकाच टमटममधून आली होती. दोघी दोन टोकांना बसून, कारण अजूनही त्यांचं बोलणं नाही. न्यायाधीशांनी बसायला सांगितलं. ती बसली नाही. "कपाळ माजं फुटलं. भांडन माजं हाय. हिला लंकेला धाडा म्हणून म्यां कवा सांगितलं? आमी भांडू न्हाईतर गोड बोलू, ते गल्लीत बगू. ही गेल्यावर मी भांडू कुनाशी?" कोर्टात हशा पिकला. नीला मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते, पण ती हसत नव्हती.

न्यायाधीशांनी नीलाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती उठली. बारा वर्षं चिंताकीत भांडलेली बाई, पण उभी राहून आधी पदरच सारखा करत राहिली. शेवटी म्हणाली, "मारली मी. चुकलं. पुन्यांदा न्हाई मारनार." आणि मग हळूच, "पन म्हैस तिनं हलवावी." न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. निकाल राखून ठेवला.

तोच निकाल मी आत्ता शोधायलेय. आजच्या यादीत नाही. उद्याच्या यादीतही नाही. समितीच्या सदस्यांचा दोनदा फोन येऊन गेला, लेख कुठवर आलाय? त्यांना काय सांगू? पुढच्या रविवारी सत्कार आहे, हार आहेत, शाल आहे, आणि अप्पांनी समितीला बजावलंय की निकालाची तारीख सोमवारी पडली तर पाहुण्यांची भाषणं आटोपती घ्या, मला लवकर निजायचंय. माणसाच्या पंचाहत्तरीला असं कुणी बोलतं का! पण अप्पा बोलतात. कौतुक करून घ्यायची त्यांना सवय नाही, आणि आता ती लागेल असं दिसत नाही.

सुनावणीनंतर कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला होता. त्यांना धाप लागत होती. मी विचारलं, "अप्पा, निकाल उलटा गेला तर?"

"तर कलबुर्गी."

"आणि तिथंही नाही झालं तर?"

"तर तिचा नागरिकत्वाचा अर्ज पुन्हा करू. लंकेतून तो दाखला मागवू. एका दाखल्याला काय भ्यायचं?"

नीला आमच्या मागून उतरत होती. ती पुढं आली आणि अप्पांच्या पाया पडली. मी तिला धीर देण्यासाठी म्हटलं, "घाबरू नका, होईल काहीतरी." ती माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, "मी कशाला भिऊ, अक्का? अप्पा हायत तवर मला हितून कोन हलवतंय?"

अप्पा हसले. मी नाही हसू शकले.

कारण ती खरं बोलली होती. तिचं चिंताकीत राहणं आज एका पंचाहत्तर वर्षांच्या, ऑपरेशन झालेल्या, पाय सुजलेल्या माणसावर टांगलेलं आहे, आणि ते तसं माझ्यामुळं आहे. तेव्हा अप्पा, इतर सगळे आज तुम्हाला प्रेमानं दीर्घायुष्य चिंततील. मी ते भीतीपोटी मागतेय, तुम्ही माफ करा. डॉक्टरांचं ऐका. काकूंचं ऐका. कोर्टात खुर्ची दिली तर बसा. तुम्हाला ठणठणीत शंभर वर्षं मिळोत. आणि ती संपायच्या कितीतरी आधी मी तुमच्याकडून इतकं तरी शिकून घ्यावं, की एक दिवस ती बाई म्हणेल, "अप्पांनी आता घरी बसावं. रेखाअक्का हाय की."